माग आणि शीव

ताशी पंचवीस किलोमीटरच्या आत धावणारी, २५० वॉटच्या आतल्या मोटारीची आणि बॅटरी वगळता साठ किलोच्या आत वजनाची दुचाकी केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या लेखी मोटार वाहनच ठरत नाही. तिला परवाना नको, नोंदणी नको, विमा नको. श्यामला हिल्स, अरेरा हिल्स, ईदगाह हिल्स अशा टेकड्यांवर पसरलेल्या भोपाळात ही सवलत मोलाची आहे. घाम न गाळता चढ चढवणारी ई-सायकल इथे शाळकरी मुलीलाही चालते आणि निवृत्त कारकुनालाही.

सवलत अंगाशी येते ती चोरीच्या दिवशी. स्कूटर गेली तर ठाण्यात सांगायला ‘एमपी ०४’ने सुरू होणारा क्रमांक असतो, चेसिस क्रमांक असतो, वाहनांच्या सरकारी नोंदणीत मालकाचं नाव असतं. ई-सायकलवाल्याजवळ असतं दुकानाचं बिल आणि फ्रेमवर कुठेतरी खालच्या अंगाला कोरलेला नंबर, जो बहुतेकांनी कधी वाकून पाहिलेलाही नसतो. तीस-चाळीस हजारांची वस्तू क्षणात बेवारस होते. म्हणून मालक सीटखाली, हँडलच्या नळीत किंवा मागच्या लाल रिफ्लेक्टरच्या पोटात काडेपेटीएवढी डबी दडवू लागले आहेत. गाडी आत्ता कुठे आहे, हे ती डबी मोबाइलवर सांगत राहते.

डबी आजची असली तरी तिचं कूळ जुनं आहे. जनावर असो की चाकाचं वाहन, ते राखण्याचे तीन मार्ग चालत आले: खूण करणं, अडकवून ठेवणं आणि माग काढणं. छुपा ट्रॅकर हा यांतल्या तिसऱ्या मार्गाचा वारस. वारसाहक्काने त्याला काय मिळालं आणि कोणती गोष्ट वाटेत गळून पडली, ते पाहायचं तर घोड्यांच्या काळात जावं लागतं.

खूण

१७३७ च्या डिसेंबरात पहिल्या बाजीरावाने निजामाला भोपाळात कोंडलं. पुढच्याच महिन्यात, जानेवारी १७३८ मध्ये, जवळच्या दोराहा सराईत तह झाला आणि माळवा मराठ्यांना देण्याचं निजामाने कबूल केलं. रसद तोडून जिंकलेली ही लढाई. तिचं सगळं यश वेगाने फिरणाऱ्या घोडदळाचं. मराठी घोडदळात दोन तऱ्हेचे स्वार असत. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे. शिलेदार स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारं घेऊन चाकरीला येई. त्याचा घोडा हेच त्याचं भांडवल आणि हीच त्याची पत. घोडा गेला आणि दुसरा घ्यायची ऐपत नसली, की शिलेदाराला बारगिरी पत्करावी लागे. आज स्वतःच्या ई-सायकलवर घरोघरी जेवणाचे डबे पोचवणारा मुलगा हा शिलेदारच आहे. गाडी चोरीला गेली की दुसऱ्या दिवसापासून त्याला आठवड्याच्या भाड्याने कंपनीची गाडी घ्यावी लागते.

घोडा कोणाचा, हे ठरवण्याची रीत त्याआधी चारशे वर्षं दिल्लीत घडली होती. अलाउद्दीन खिलजीने चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला घोड्यांना तापल्या लोखंडाचा डाग द्यायला आणि शिपायांचा हुलिया लिहून ठेवायला सुरुवात केली. शेरशाहाने ती पद्धत पुन्हा उचलली. अकबराने १५७० च्या दशकात ती मनसबदारांवर लादली, तेव्हा सरदारांनी कुरकुर केली. कुरकुरीचं कारण सरळ होतं. एकच घोडा दोनदा हजेरीला आणायचा, भाड्याचं तट्टू उभं करून उमद्या घोड्याचा पगार उचलायचा, हा धंदा डागाने बंद पडत होता. म्हणजे डाग आला तो खजिन्याची चोरी थांबवण्यासाठी. रात्री पागेतून घोडा सोडून नेणारा चोर बादशहाच्या डोळ्यांपुढे नव्हता. मालकाला डागाचा उपयोग झाला, पण तो ओघाने.

पुढच्या सगळ्या खुणांची जात हीच आहे. मोटारी आल्या, १९१४ साली भारतीय मोटार वाहन कायदा झाला, गाड्यांची नोंदणी आणि क्रमांक ठरले. रस्त्यावर अपघात केला कोणी आणि कर भरला कोणी, हे कळावं हा त्यामागचा हेतू. सायकलींना अनेक नगरपालिका पत्र्याचा बिल्ला देत. पुण्याच्या जुन्या सायकलस्वारांना तो चांगला आठवतो. वर्षाचा कर भरल्याची ती पावती होती. कर उठला तसा बिल्लाही गेला. चोरी डोळ्यांपुढे ठेवून नंबरप्लेटचा विचार व्हायला फार काळ गेला. उखडली तर पुन्हा न बसणारी, होलोग्राम आणि लेझरने कोरलेला क्रमांक असलेली उच्च सुरक्षा प्लेट सगळ्या नव्या वाहनांना सक्तीची झाली १ एप्रिल २०१९ पासून.

यावरून ई-सायकलची अडचण उलगडते. सरकार खूण करतं ते स्वतःला मोजायचं असतं तेव्हा. पर्यावरणाला बरी म्हणून ई-सायकल मोजणीतून सोडली गेली आणि तिच्यावरची खूणही सुटली. मालकावर उपकार करताना मालकीचा पुरावा मात्र त्याच्या अंगावर पडला.

कुलूप

घोड्याला कुलूप लावता येत नाही. छावणीत त्याला पुढून अगाडी आणि मागून पिछाडी अशा दोरांनी मेखेला बांधत, आणि खरी राखण करायला मोतद्दार तिथेच झोपे. सायकल आली आणि झोपणारा माणूस गेला. त्याच्या जागी लोखंड आलं.

आपल्याकडे या लोखंडाचा मोठा कारखानदार म्हणजे आर्देशीर गोदरेज. त्यांनी १८९७ साली मुंबईत लालबागला कुलपांचा कारखाना काढला. दाराच्या कुलपामागे निदान भिंत असते. सायकलचं कुलूप मात्र ज्याला लावायचं ती वस्तूच उचलून नेण्याजोगी. मागच्या चाकात आरपार सरकणारी कडी चाक फिरू देत नाही, एवढंच. खांद्यावर घेऊन जाणाऱ्याला ती काय करणार?

ॲमस्टरडॅममध्ये १९६५ साली प्रोव्हो नावाच्या बंडखोर तरुणांनी हा प्रश्न उलटा सोडवायचं ठरवलं. सायकली पांढऱ्या रंगवून, कुलूप न लावता, ज्याला हवी त्याने वापरावी म्हणून रस्त्यावर ठेवल्या. पोलिसांनी त्या जप्त केल्या, कारण कुलूप नसलेली सायकल चोरीला आमंत्रण देते आणि ती तशी ठेवणं तिथल्या नियमात बसत नव्हतं. सगळ्यांची असलेली वस्तूसुद्धा कायद्याला कोणाच्या तरी कुलपात हवी होती.

कुलपं जाड होत गेली. १९७० च्या दशकात अमेरिकेत ‘क्रिप्टोनाइट’ या नावाने इंग्रजी यू अक्षराच्या आकाराचं पोलादी कुलूप आलं आणि जगभर गेलं. २००४ साली लोकांनी दाखवून दिलं, की त्यातली गोल किल्लीची जात साध्या बॉलपेनच्या नळीने उघडते. कंपनीला ती बदलून द्यावी लागली. मग पेनाला दाद न देणारी कुलपं आली आणि पाठोपाठ बॅटरीवर चालणारा ग्राइंडर आला. तो जाड पोलादही मिनिट-दोन मिनिटांत कापतो. ज्या लिथियम बॅटरीने ई-सायकल शक्य केली, तिनेच तिचं कुलूप तोडणारं हत्यार पिशवीत मावेलसं केलं.

भोपाळने कुलपाचा वेगळा प्रयोग केला. जून २०१७ मध्ये इथे ‘चार्टर्ड बाइक’ नावाने सार्वजनिक सायकलींची योजना सुरू झाली. सुमारे पाचशे सायकली, शहरभर स्थानकं, आणि मोबाइलवरून सुटणारं कुलूप. होशंगाबाद रोडच्या कडेने सायकलींसाठी वेगळी पट्टीही आखली गेली. इथे सायकल ठरलेल्या खांबाशी परत बांधायची असल्याने शेवटचा वापरणारा कोण, याची नोंद राही. त्याच वर्षीच्या डिसेंबरात पुण्यात विद्यापीठ आणि औंध परिसरात सुरू झालेल्या योजनेत खांब नव्हते. सायकल कुठेही सोडा, तिच्या कुलपातलं यंत्र ठिकाण सांगेल, असा त्यामागचा विचार. ठिकाण कळतच होतं. तरी मोडतोड आणि चोऱ्यांच्या तक्रारी वाढल्या, एकेक कंपनी निघून गेली आणि काही वर्षांत ती योजना बसली.

सायकल कुठे आहे हे माहीत असूनही ती हातची जाऊ शकते, हा धडा पुण्याने दिला. कुलूप विकत घेताना आपण खरं तर वेळ विकत घेतो, चोराला लागणारी दोन किंवा दहा मिनिटं. त्या वेळात कोणी धावून येणार असेल तरच त्याचं मोल.

माग

धावून येणारा माणूस आपल्याकडे फार पूर्वी नेमलेला होता. याज्ञवल्क्य आणि नारद या स्मृतींमध्ये चोरीच्या मागाचा नियम आहे. चोरीला गेलेल्या गुरांची पावलं ज्या गावात शिरली आणि बाहेर पडलेली दिसली नाहीत, त्या गावाच्या प्रमुखाने चोर हजर करायचा किंवा नुकसान भरून द्यायचं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तर कोणाची हद्द कुठे संपते आणि पुढे कोण जबाबदार, याची उतरंड लावलेली आहे. गावात ग्रामप्रमुख, गावांच्या मधल्या कुरणात विवीताध्यक्ष, आणि कुरण नसलेल्या मुलखात चोररज्जुक.

हा नियम पोथीतच राहिला नाही. दख्खनचा कारभार पाहणाऱ्या माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१९ मध्ये पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाचा अहवाल लिहिला. त्यात गावोगावच्या रामोशी आणि भिल्ल राखणदारांचं वर्णन आहे. गावात चोरी झाली की राखणदाराने माग काढायचा. माग शेजारच्या गावात गेला तर तो शिवेपर्यंत नेऊन पलीकडच्या राखणदाराच्या हवाली करायचा. त्याने पुढे न्यायचा. ज्या गावात माग विरला त्या गावाच्या राखणदाराने आणि गावाने भरपाई सोसायची. पंजाब-सिंधमध्ये खोजी, गुजरात-कच्छात पगी ही याच विद्येची घराणी. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत कच्छच्या रणात सैन्याला साथ देणारे रणछोड पगी याच परंपरेतले.

या व्यवस्थेचं सगळं श्रेय सहसा खोज्याच्या डोळ्याला दिलं जातं. वाळूतल्या पाऊलखुणेवरून उंट ओझ्याचा होता की रिकामा, हे सांगणारे लोक होतेच. पण डोळ्याइतकीच महत्त्वाची होती शीव. मागाला प्रत्येक टप्प्यावर घेणारा माणूस होता आणि न घेणाऱ्याला दंड होता. माग म्हणजे नुसती माहिती नव्हती, हातोहात सरकत जाणारी जबाबदारी होती.

इंग्रजी अमलात ही घडी दोन बाजूंनी विस्कटली. राखणीचे हक्क गेल्यावर पुरंदर परिसरातले रामोशी बिथरले. उमाजी नाईकांचं बंड त्यातूनच उभं राहिलं आणि १८३२ साली त्यांना फाशी झाली. पुढे १८७१ पासून आलेल्या गुन्हेगार जमातींच्या कायद्यांच्या जाळ्यात रामोश्यांनाही ओढलं गेलं. ज्यांनी चोराचा माग काढायचा, त्यांच्याच मागावर पोलीस राहिले. हा शिक्का कायद्याने पुसला गेला १९५२ साली. दुसरीकडे रस्ते पक्के झाले. डांबरावर पाऊल उमटत नाही, आणि टायरची रेघ पहिल्या चौकात हजार रेघांत मिसळते.

सायकलचं अख्खं विसावं शतक असं मागाविना गेलं. व्हित्तोरिओ दे सिका यांचा १९४८ सालचा ‘बायसिकल थीव्ह्ज’ हा चित्रपट याच पोकळीची गोष्ट आहे. १९५२ मध्ये भारताच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात तो दाखवला गेला आणि आपल्याकडच्या दिग्दर्शकांवर त्याचा खोल ठसा उमटला. भिंतींवर पोस्टर चिकटवण्याची नोकरी सायकलवर अवलंबून असलेल्या माणसाची सायकल पहिल्याच दिवशी जाते. ठाण्यात तक्रार नोंदली जाते, शोध मात्र त्याचा त्यालाच घ्यायला लागतो. तो मुलाला घेऊन रोमच्या जुन्या बाजारात फिरतो, आणि तिथे सायकली नसतात. असतात सुट्या फ्रेम, टायर, पंप, घंटा. एक फ्रेम संशयास्पद वाटते म्हणून तिचा नंबर पोलिसासमोर तपासला जातो. तो जुळत नाही. चोर सापडतो तेव्हा साक्षीदार नसतो. आजच्या भोपाळातल्या ई-सायकलवाल्याला यातला एकही प्रसंग परका वाटणार नाही.

माग परत आणला रेडिओने. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये १९८६ साली ‘लो-जॅक’ नावाचं यंत्र मोटारींत बसू लागलं. गाडीच्या आत अनेक संभाव्य जागांपैकी एकीत एक छोटा प्रक्षेपक लपवायचा. नेमकी जागा मालकालाही सांगायची नाही. चोरीची तक्रार आली की पोलीस तो जागा करत आणि गस्तीच्या गाड्यांतल्या यंत्रांवर त्याचा सूर येई. काचेवर कसलीही चिठ्ठी नसे. इयान एअर्स आणि स्टीव्हन लेव्हिट या अभ्यासकांनी १९९८ मध्ये या यंत्राचा हिशेब मांडला, तेव्हा एक गंमत पुढे आली. कोणत्या गाडीत ते आहे हे चोराला कळत नसल्याने ते न बसवणाऱ्यांच्या गाड्याही वाचत होत्या. यंत्र बसवणाऱ्याच्या पदरात त्या लाभाचा लहानसा वाटा पडत होता. दिसणारं कुलूप चोराला शेजारच्या सायकलकडे पाठवतं. लपलेला ट्रॅकर त्याला सगळ्याच सायकलींबद्दल साशंक करतो.

लो-जॅकचा माग पोलिसांच्या हातात होता. तो मालकाच्या खिशात आला तो उपग्रहांमुळे. जीपीएसचा पहिला उपग्रह १९७८ सालचा, पण सामान्यांना मिळणाऱ्या संकेतात अमेरिका मुद्दाम चूक घालत असे. ठिकाण शंभर मीटरपर्यंत चुके. १ मे २००० च्या मध्यरात्री ही चूक घालणं थांबलं आणि ठिकाण दहा-वीस मीटरांवर आलं. भारताच्या स्वतःच्या ‘नाविक’ प्रणालीचे सात उपग्रह २०१६ पर्यंत आकाशात पोचले.

उपग्रह फक्त बोलतो, ऐकत नाही. ट्रॅकर किमान चार उपग्रहांचे संकेत पकडून स्वतःचं ठिकाण स्वतः काढतो आणि ते कळवायला त्याच्या पोटात सिमकार्ड असतं. स्वस्त ट्रॅकर टू-जीवर चालतात, म्हणून त्यांत जिओचं सिम चालत नाही. जिओने टू-जीचं जाळं कधी उभारलंच नाही. दुसरी जात ब्ल्यूटूथच्या बिल्ल्यांची. ॲपलचा एअरटॅग २०२१ मध्ये आला. त्याला उपग्रह नाही, सिम नाही. शेजारून जाणाऱ्या अनोळखी लोकांचे फोन त्याचं अस्तित्व टिपून मालकाला कळवतात. म्हणजे रस्त्याने जाणारा प्रत्येकजण नकळत खोजी. आयफोनवाल्यांची गर्दी असेल तिथे हे छान चालतं. भोपाळच्या बाहेरच्या वस्त्यांत अँड्रॉइड फोनच अधिक, आणि त्यांचं तसलं जाळं सुरू झालं २०२४ मध्ये. या बिल्ल्याची दुसरी अडचण त्याच्या सज्जनपणाची आहे. कोणी बाईच्या पर्समध्ये तो टाकून पाळत ठेवू नये म्हणून अनोळखी बिल्ला सोबत फिरत असल्याची सूचना फोन देतात. ती सूचना सायकलचोराच्या फोनवरही येते.

शीव

सरकारने आपला माग चोख बसवला आहे. मध्य प्रदेशाची ‘डायल १००’ सेवा १ नोव्हेंबर २०१५ ला सुरू झाली, तेव्हा तिच्या हजार गाड्या भोपाळच्या एकाच नियंत्रण कक्षातल्या नकाशावर दिसत होत्या. २०१८ मध्ये भोपाळात सात स्मार्ट शहरांसाठी सामाईक नियंत्रण यंत्रणा आली. १ जानेवारी २०१९ पासून नव्या सार्वजनिक प्रवासी वाहनांना ठिकाण सांगणारं यंत्र आणि संकटाचं बटण देशभर सक्तीचं झालं. या नियमातून दुचाकी, तीनचाकी आणि ई-रिक्षा वगळल्या आहेत. बसवर राज्याचा डोळा आहे. सायकलवर आहे तो फक्त मालकाचा.

मालक काय पाहतो? मोबाइलच्या नकाशावर एक ठिपका. जुन्या भोपाळातले मोहल्ले आठवड्याच्या वारांवरून ओळखले जातात: इतवारा, मंगलवारा, बुधवारा, जुमेराती. तिथल्या बोळांत दोन्ही बाजूंच्या घरांवर आपटून संकेत येतात आणि ठिपका या घरातून त्या घरात उड्या मारतो. बोळ दोन-तीन मीटरांचा आणि चूक दहा मीटरांची. बंद गोदामात किंवा पत्र्याच्या पेटीत गाडी गेली की ठिपका शेवटच्या जागी गोठतो. त्या घरांपैकी एकाचं दार वाजवायचं, तर ते मालकाने एकट्याने वाजवणं धोक्याचं आणि बेकायदा झडती घेणं त्याहून वाईट.

कायद्याने इथवरची वाट बरीच सोपी केली आहे. अज्ञात चोराने केलेल्या वाहनचोरीसाठी मध्य प्रदेश पोलिसांनी २०२१ मध्ये ई-एफआयआर सुरू केली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार खबर कोणत्याही ठाण्यात, हद्दीचा प्रश्न न काढता देता येते. इलेक्ट्रॉनिक मार्गाने दिली तर तीन दिवसांत सही करायची. कलम १८५ नुसार तपास अधिकारी कारणं लिहून वॉरंटशिवाय झडती घेऊ शकतो. ठिपक्याचा स्क्रीनशॉट कोर्टात टिकायचा तर साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. म्हणून ट्रॅकर बसवणाऱ्याने त्याच दिवशी आणखी एक काम करावं. बिलावर फ्रेम नंबर आणि बॅटरीचा क्रमांक लिहून घ्यावा, दोन्हींचे फोटो काढून ठेवावेत. झडतीत सायकल मिळाली तरी ती आपलीच हे सांगायला ठिपका पुरत नाही.

एवढं होऊनही अधिकाऱ्याने त्या बोळात जावं की जाऊ नये, हे त्याच्या हातातल्या बाकीच्या कामांवर ठरतं. तो गेला नाही तर कोणालाच भुर्दंड नाही. रामोश्याला माग विरल्याची किंमत मोजावी लागे. आजच्या मागाच्या टोकाला अशी किंमत मोजणारं कोणी नाही. जगात एका कंपनीने ती जोखीम घेऊन पाहिली. ‘व्हॅनमूफ’ या डच ई-सायकल कंपनीने चोरीला गेलेली सायकल शोधून देऊ, नाहीतर दुसरी देऊ, असं वचन विकलं. ठिपक्यामागे धावायला तिने पगारी माणसं ठेवली. हे वचन लोकांना आवडलं, कारण त्यात शीव होती. जुलै २०२३ मध्ये कंपनीचं दिवाळं निघालं. कारणं अनेक होती आणि दुरुस्त्यांचा खर्च त्यांत मोठा होता. पण चोरीची जबाबदारी एकट्या कारखानदाराने पेलावी ही व्यवस्था टिकाऊ नव्हती, हेही त्यात दिसलं.

मागाला जबाबदारीची जोड नसली की तो दुबळ्याकडे वळतो, हा रामोश्यांचा इतिहास इथे आठवायला हवा. भाड्याच्या ई-गाडीवर माल पोचवणाऱ्या मुलाच्या मागे तोच ट्रॅकर दिवसभर असतो. तो कुठे थांबला, किती वेळ थांबला, हे कंपनीला दिसतं आणि भाडं थकलं तर गाडी दुरून बंदही करता येते. सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये फ्रँक व्हायटस प्रकरणात सांगितलं, की जामिनावरच्या आरोपीने आपलं नकाशावरचं ठिकाण पोलिसांना सतत दाखवत राहावं अशी अट घालता येत नाही. ती खाजगीपणावर घाला घालते. आरोपीला मिळालेलं हे संरक्षण कामावरच्या मुलाला अजून मिळायचं आहे.

मग आजची शीव कुठे आखायची? ई-सायकलच्या बाबतीत उत्तर चोराच्या हिशेबातच आहे. तिची सगळ्यांत महागडी आणि सगळ्यांत सहज सुटणारी वस्तू म्हणजे बॅटरी. पुष्कळदा चोर तेवढीच नेतो. सायकल जागेवर, ट्रॅकर खूश, ठिपका स्थिर. ट्रॅकर बॅटरीवरच पोसला जात असेल तर तो थोड्या वेळात मरतो; म्हणून त्याला स्वतःचा छोटा सेल हवा, आणि शक्य तर एक बिल्ला बॅटरीच्या खोक्यातच हवा. पण खोकं फोडून सेल वेगळे केले, की त्यांना ना नंबर ना धनी. ते विकत घेणारा कोणी आहे म्हणूनच ते सुटे होतात. रोमच्या बाजारातल्या टायर-पंपांसारखं हे सगळं शेवटी दुकानात येतं.

कौटिल्याने हे ओळखलं होतं. अर्थशास्त्राच्या चौथ्या अधिकरणात तो सांगतो, की हरवलेली किंवा चोरलेली वस्तू सापडत नसेल तर त्या जातीच्या मालाचा व्यवहार करणाऱ्यांना तिची खबर द्यावी. खबर मिळूनही ज्याने ती वस्तू हाती आल्यावर दडवली, तो चोराचा साथीदार. शिवाय जुन्या मालाची विक्री किंवा गहाण बाजाराच्या अधिकाऱ्याला कळवल्याशिवाय करायचं नाही. माग काढणाऱ्यांचं जाळं गावोगाव विणताना त्याने बाजाराची शीवही आखून ठेवली होती.

युरोपीय संघ १८ फेब्रुवारी २०२७ पासून ई-सायकलींच्या बॅटऱ्यांना प्रत्येकी एक डिजिटल ओळखपत्र सक्तीचं करतो आहे. तिथला हेतू पुनर्वापराचा आणि कच्च्या मालाच्या हिशेबाचा आहे, चोरीचा नाही. खिलजीचा डागही चोरासाठी नव्हता, तरी त्याने घोड्याचा धनी ठरवता येऊ लागला. आपल्याकडे २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी उत्पादकांना जुन्या बॅटऱ्या परत घेण्याचं बंधन घातलंच आहे. त्याला एक ओळ जोडली तर पुरे: ई-सायकलच्या बॅटरीवर क्रमांक हवा, आणि जुनी बॅटरी घेणाऱ्या प्रत्येक कबाड्याने तो चोरीच्या यादीशी ताडून वहीत लिहायला हवा. क्रमांक खरवडलेला दिसला तर माल घेणाऱ्याने उत्तर द्यायचं. चोरीचा माल जाणूनबुजून ठेवणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहेच. अडचण असते ती ‘जाणूनबुजून’ सिद्ध करण्याची, आणि ती एका वहीने बरीच कमी होईल.

तोवर ट्रॅकर जरूर लपवावा, आणि शेजाऱ्यालाही लपवायला सांगावं. लो-जॅकच्या हिशेबाने पाहिलं तर मोहल्ल्यात असे दहा ट्रॅकर असले की अकराव्याची सायकलही राखली जाते. पण तो विकणाऱ्याने ‘आता निश्चिंत झोपा’ म्हटलं तर मान डोलावू नये. डबी माग दाखवते. तो घेऊन पुढे जाण्याचं ओझं पूर्वी शिवेपलीकडच्या गावावर होतं. आज ते बॅटरी विकत घेणाऱ्या दुकानावर टाकल्याशिवाय चोरीचा धंदा तोट्यात जायचा नाही.